हायब्रिड की टर्बो? लहान पिकअपसाठी इंजिनाची निवड

पुढे माणसांना बसण्याची जागा आणि मागे सामानासाठी उघडा हौदा असलेल्या वाहनाला आपण पिकअप म्हणतो. शेतमाल, किराणा, लोखंडी सामान, दुधाचे कॅन, घर बदलताना निघणारे कपाट आणि पलंग, असा नाना प्रकारचा भार हे वाहन उचलते. असे वाहन घेणाऱ्याच्या दृष्टीने ती चैनीची वस्तू नसते. ते त्याच्या धंद्याचे साधन असते, आणि बहुधा ते कर्ज काढून घेतलेले असते. हप्ता ठरलेला असतो. इंधनाचा खर्च मात्र वाहनाच्या इंजिनावर आणि त्याच्या वाटेवर अवलंबून राहतो. म्हणूनच इंजिनाची निवड हा केवळ यंत्रशास्त्राचा प्रश्न नसून घरखर्चाचाही प्रश्न आहे.

पेट्रोलवर चालणाऱ्या लहान वाहनांत अलीकडे दोन प्रकारची इंजिने पुढे आली आहेत. एकात इंजिनाला टर्बोचार्जरची जोड असते, तर दुसऱ्यात विद्युत् मोटर आणि बॅटरी यांची. दुसऱ्या प्रकाराला संकरित किंवा हायब्रिड असे म्हणतात. या दोहोंत चांगले कोणते, असा प्रश्न सर्रास विचारला जातो. परंतु प्रश्न अशा रीतीने मांडला, तर त्याला उत्तर नाही. कोणत्या वाटेवर, किती ओझे घेऊन आणि किती वेळा थांबत जायचे आहे, हे सांगितल्याशिवाय दोहोंची तुलना करता येत नाही. हे असे का, ते या प्रकरणात क्रमाने पाहू.

एकच अडचण, दोन उपाय

सपाट रस्त्यावरून ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या लहान पिकअपला चाकांपाशी जेमतेम दहा-बारा अश्वशक्ती पुरते. तरीही अशा वाहनात शंभराहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन बसवावे लागते. कारण चढाव लागला, पुढच्या वाहनाला ओलांडायचे झाले किंवा हौद्यात पूर्ण भार असला, की काही काळ फार मोठ्या शक्तीची गरज भासते. म्हणजे गरज सरासरीने थोडी, पण प्रसंगी मोठी. मोठे इंजिन बसवावे, तर एरवी ते अर्धवट ताकदीने चालते. आणि अर्धवट ताकदीने चालणारे पेट्रोल इंजिन इंधनाचा चांगला उपयोग करू शकत नाही. हवा आत घेण्याची वाट अर्धवट मिटलेली असल्याने दट्ट्याला ती ओढून घेण्यातच शक्ती खर्चावी लागते.

या अडचणीवरील पहिला उपाय टर्बोचार्जरचा. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंत बरीच ऊर्जा शिल्लक असते. ते वायू एका छोट्या टर्बाइनवर सोडले, की ते मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ लागते. त्याच दांड्यावर बसवलेला संपीडक बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. हवा अधिक, म्हणून तिच्याबरोबर जाळता येणारे इंधनही अधिक. परिणामी दोन लिटरचे इंजिन गरजेच्या वेळी तीन लिटरच्या साध्या इंजिनाइतका जोर देऊ शकते आणि गरज सरली की पुन्हा लहान होते.

दुसरा उपाय हायब्रिडचा. येथे इंजिन मुद्दामच काटकसरी ठेवलेले असते. त्यात आत घेण्याची झडप उशिरा मिटते. त्यामुळे संपीडनापेक्षा प्रसरण अधिक लांबवर होते आणि ज्वलनातील उष्णतेचा अधिक भाग कामी येतो. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याच्या नावाने हे चक्र ओळखले जाते. अशा इंजिनाची कार्यक्षमता उत्तम रचनेत ४० टक्क्यांच्या आसपास जाते. पण त्याचा जोर त्याच आकाराच्या साध्या इंजिनापेक्षा कमी असतो. ती उणीव विद्युत् मोटर भरून काढते. वाहन थांबवायचे असते तेव्हा हीच मोटर जनित्र बनते, चाकांचा वेग स्वतःकडे ओढून घेते आणि त्याची वीज बॅटरीत साठवते. वाहन उभे असताना इंजिन बंद राहते. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानात ‘प्रियस’ विक्रीस आणली, तेव्हापासून ही रचना सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली.

शेतीतील दाखला घेतला, तर फरक चटकन लक्षात येतो. टर्बो म्हणजे विहिरीवर बसवलेला जोरकस पंप. विहिरीत पाणी आहे तोवर तो हवा तेवढा वेळ धो धो पाणी देईल, पण विहीरही तितक्याच वेगाने उपसेल. हायब्रिड म्हणजे लहान पंपाच्या जोडीला बांधलेली टाकी. ती वाहून जाणारे पाणी अडवून ठेवते आणि गरजेला मोठी धार देते. पण टाकी रिकामी झाली की उरतो तो लहान पंपच.

ब्रेकमध्ये काय वाया जाते?

दोन टन एकूण वजनाचे वाहन ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात आहे असे समजू. त्याची गतिज ऊर्जा बरोबर एक लाख जूल भरते. सिग्नल लाल झाला आणि चालकाने ब्रेक दाबला, की ही सारी ऊर्जा ब्रेकच्या पट्ट्या तापवण्यात नाहीशी होते. पुन्हा तोच वेग गाठण्यासाठी ती नव्याने द्यावी लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३ कोटी २० लाख जूल ऊर्जा असते. शहरात साध्या इंजिनाने तिच्यातील चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवला असे मानले, तर एका थांब्याची किंमत सुमारे साडेबारा मिलिलिटर, म्हणजे चहाचे अडीच चमचे पेट्रोल होते. असे ८० थांबे झाले की एक लिटर पेट्रोल केवळ ब्रेक तापवण्यात गेले.

हायब्रिड वाहन ही ऊर्जा पूर्णपणे परत मिळवू शकत नाही. मोटर, तारा आणि बॅटरी यांत काही भाग गळतो, आणि अचानक जोरात ब्रेक दाबला तर नेहमीच्या ब्रेकनाच काम करावे लागते. तरीही तिचा मोठा हिस्सा वाचतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी : जेथे ब्रेक दाबलाच जात नाही, तेथे वाचवण्यासारखे काही नसते. हायब्रिडची बचत ही ब्रेकच्या वापराशी बांधलेली आहे.

एकाच गाडीची दोन रूपे

आपल्याकडे पेट्रोल हायब्रिड पिकअप बाजारात नाही. म्हणून तुलनेसाठी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एका गाडीचे उदाहरण घेऊ. फोर्ड कंपनीची ‘मॅव्हरिक’ ही लहान पिकअप २०२२ च्या प्रतिरूपापासून दोन्ही इंजिनांसह मिळू लागली. सांगाडा तोच, हौदा तोच; फरक फक्त इंजिनाचा. त्यामुळे ही गाडी आपल्यापुढे एक आयताच प्रयोग मांडते.

हायब्रिड रूपात २.५ लिटरचे ॲटकिन्सन चक्राचे इंजिन आणि मोटर मिळून १९१ अश्वशक्ती देतात. टर्बो रूपात दोन लिटरचे इंजिन २५० अश्वशक्ती देते. अमेरिकी सरकारच्या चाचणीतील आकडे आपल्या मापात बदलले, तर २०२२ च्या हायब्रिडला शहरात लिटरमागे सुमारे १७.९ किलोमीटर आणि महामार्गावर १४ किलोमीटर पडतात. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या टर्बोला हेच आकडे शहरात ९.८ आणि महामार्गावर १२.८ असे आहेत.

हे चार आकडे सावकाश वाचावेत. टर्बो वाहन महामार्गावर शहरापेक्षा चांगले चालते, हे आपल्या नेहमीच्या अनुभवाला धरून आहे. हायब्रिडचे मात्र उलट आहे; ते शहरात अधिक चालते. महामार्गावर दोहोंतील अंतर जेमतेम सव्वा किलोमीटरचे उरते, तर शहरात ते आठ किलोमीटरचे होते.

आता हाच फरक रुपयांत मांडू. वर्षाला १५,००० किलोमीटर प्रवास आणि पेट्रोलचा दर हिशेबाच्या सोयीसाठी लिटरला १०० रुपये धरू. सर्व प्रवास शहरात झाला, तर टर्बोला सुमारे १,५३० लिटर आणि हायब्रिडला सुमारे ८४० लिटर पेट्रोल लागेल. वार्षिक बचत ६९,००० रुपये. तोच प्रवास महामार्गावर झाला, तर बचत १०० लिटरची, म्हणजे १०,००० रुपयांची. हायब्रिडसाठी दोन लाख रुपये अधिक मोजावे लागले असे समजल्यास, शहरात ती रक्कम तीन वर्षांत वसूल होते. महामार्गावर वीस वर्षे लागतात. तोवर बहुधा ते वाहनच मालकापाशी राहिलेले नसते. गाडी तीच, इंजिन तेच; फक्त वाट बदलली आणि शहाणपणाचा व्यवहार तोट्याचा ठरला.

बंगळुरूचा रस्ता

ही चर्चा आता बंगळुरू शहराला लावून पाहू. त्यासाठी हे शहर योग्यही आहे. शहरापासून मैसूरच्या वाटेवर असलेल्या बिडदी येथे टोयोटा आणि मराठी वाचकाला परिचित असलेला किर्लोस्कर उद्योगसमूह यांचा संयुक्त कारखाना आहे. तेथे २०१३ पासून ‘कॅमरी’ या मोटारीचे हायब्रिड रूप जुळवले जाऊ लागले आणि २०२२ पासून ‘हायरायडर’ व ‘इनोव्हा हायक्रॉस’ या गाड्यांची हायब्रिड रूपे तयार होऊ लागली. टोयोटाची ‘हायलक्स’ ही पिकअपही २०२२ मध्ये भारतात आली, परंतु ती डिझेलवर चालणारी आहे.

बंगळुरूच्या वाहतुकीची कीर्ती सर्वदूर आहे. टॉमटॉम या डच कंपनीने २०२२ साली जगातील अनेक शहरांची पाहणी केली, तेव्हा बंगळुरूच्या मध्यभागात १० किलोमीटर जाण्यास सरासरी २९ मिनिटे १० सेकंद लागत असल्याचे आढळले. म्हणजे वेग ताशी जेमतेम वीस किलोमीटर. सिल्क बोर्ड चौकात किंवा बाह्य वर्तुळमार्गावर सायंकाळी अडकलेल्या वाहनाचे इंजिन बराच वेळ नुसतेच फिरत असते. यशवंतपूरच्या बाजारातून कांदा-बटाटा उचलून मल्लेश्वरम, राजाजीनगर आणि जयनगर येथील दुकानांत पोहोचवणाऱ्या पिकअपची सारी वाट अशीच असते. दर दुकानापाशी थांबा, दर चौकात थांबा, आणि प्रत्येक थांब्याला अडीच चमचे पेट्रोल. असल्या वाटेवर टर्बोची जास्तीची शक्ती वापरायला रस्ताच मोकळा मिळत नाही. येथे हायब्रिडचे पारडे निःसंशय जड आहे.

आता दुसरा माणूस पाहू. त्याचे घर बंगळुरूत, पण कामधंदा बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडे. तुमकुरू, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी करीत तो राष्ट्रीय महामार्ग ४८ ने जातो, आणि प्रसंगी साताऱ्याच्या पुढे खंबाटकीचा घाट ओलांडून पुण्याला पोहोचतो. शहराबाहेर पडल्यावर त्याचा पाय तासन्‌तास ब्रेकवर जात नाही. एकसारखा वेग आणि मागे भार, अशी त्याची वाट आहे. या माणसाला हायब्रिडपासून मिळणारा लाभ थोडा. टर्बोचा जोर मात्र त्याला रोज उपयोगी पडेल.

बंगळुरूचे आणखी एक वैशिष्ट्य या संदर्भात सांगितले पाहिजे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब किनाऱ्यावरच्या दाबाच्या सुमारे नऊ-दशांश असतो. साधे इंजिन तितकीच विरळ हवा आत घेते आणि त्याची शक्ती सुमारे एक-दशांशाने घटते. टर्बोचार्जर हवा दाबूनच आत भरत असल्याने त्याला ही घट बव्हंशी भरून काढता येते. हायब्रिडमधील मोटरवर उंचीचा परिणाम होत नाही. तिच्या जोडीच्या इंजिनावर मात्र होतो.

चढाव आणि ओझे

दर शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावरून दोन टनांचे वाहन ताशी ६० किलोमीटरने न्यायचे, तर सपाट रस्त्याच्या गरजेत आणखी सव्वीस अश्वशक्तीची भर पडते. अशा रीतीने ते २०० मीटर उंच चढले, की सुमारे ३९ लाख जूल ऊर्जा खर्च होते. वर उल्लेखिलेल्या मॅव्हरिकच्या बॅटरीची एकूण क्षमता १.१ किलोवॉट-तास, म्हणजे जवळजवळ इतकीच आहे. आणि बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून तिच्यातील काही भागच प्रत्यक्ष वापरला जातो. तात्पर्य, दीर्घ चढावर टाकी मध्येच रिकामी होते आणि पुढची चढण काटकसरी इंजिनाला एकट्याने चढावी लागते. वाहन अडून पडत नाही. पण इंजिन मोठ्याने गुरगुरते आणि जोर कमी पडल्याची जाणीव होते. उतारावर बॅटरी पुन्हा भरते. मात्र उतार लांब असला, तर ती लवकरच पूर्ण भरते आणि वेग आवरण्यासाठी इंजिनाचाच आधार घ्यावा लागतो.

ओझ्याविषयी एक गैरसमज येथे दूर करणे इष्ट होईल. टर्बो रूप अधिक शक्तिमान, म्हणून त्याच्या हौद्यात अधिक माल मावेल किंवा चालेल, असे अनेकांना वाटते. मॅव्हरिकच्या दोन्ही रूपांची वहनक्षमता आरंभी सारखीच, सुमारे ६८० किलो होती. हौद्यातील भार किती असावा, हे सांगाडा, कमानी आणि टायर ठरवतात. फरक होता तो मागे जोडगाडी ओढण्यात : हायब्रिड सुमारे ९०० किलो, तर विशेष जोडणी घेतलेली टर्बो सुमारे १,८०० किलो ओढू शकत असे. २०२५ च्या प्रतिरूपात कंपनीने हायब्रिडलाही तशी जोडणी देऊ केली आणि हे अंतर मिटले. अमेरिकेत नौका किंवा फिरते घर मागे जोडून नेण्याची प्रथा आहे. आपल्याकडे लहान वाहनामागे जोडगाडी क्वचितच दिसते. तेव्हा परदेशी जाहिरातीतील ओढण्याच्या आकड्याला आपल्या निर्णयात फारसे स्थान देऊ नये.

नावाचा घोटाळा

हायब्रिड हे नाव दोन फार वेगळ्या रचनांना दिले जाते. एका प्रकारात लहानशी मोटर पट्ट्याने इंजिनाला जोडलेली असते. ती इंजिन सुरू करते आणि वेग घेताना थोडा हात देते. पण एकटीच्या बळावर वाहन चालवू शकत नाही. याला सौम्य हायब्रिड म्हणतात. दुसऱ्या प्रकारात मोटर एकटीही वाहन चालवू शकते. हा पूर्ण हायब्रिड होय. वर सांगितलेली शहरी बचत या दुसऱ्या प्रकाराची आहे. बिडदीच्या कारखान्यातील हायरायडर दोन्ही प्रकारांत मिळू लागली. प्रमाणित चाचणीत पूर्ण हायब्रिडला लिटरमागे २७.९७ किलोमीटर, तर हाताने गिअर बदलायच्या सौम्य हायब्रिडला २१ च्या आसपास असे आकडे जाहीर झाले. त्याच आकाराच्या ‘क्रेटा’ या मोटारीच्या २०२४ मध्ये आलेल्या दीड लिटर टर्बो रूपासाठी १८.४ हा आकडा सांगितला गेला. तिची शक्ती मात्र हायब्रिड हायरायडरपेक्षा बरीच अधिक, १६० अश्वशक्ती आहे. चाचणीतील आकडे प्रत्यक्ष रस्त्यावर क्वचितच मिळतात. त्यांचा उपयोग दोन वाहनांची आपापसांत तुलना करण्यापुरता करावा.

देखभाल

टर्बोचार्जरचे टर्बाइन अतितप्त वायूंत फिरते आणि त्याच्या दांड्याला आधार असतो तो तेलाच्या पातळ थराचा. म्हणून योग्य प्रतीचे तेल आणि ते वेळेवर बदलणे या बाबतींत हयगय चालत नाही. घाट चढून वर आल्याबरोबर इंजिन बंद करू नये. एखादा मिनिट ते मंद चालू द्यावे, म्हणजे दांड्याभोवतीचे तेल करपत नाही.

हायब्रिडमध्ये ब्रेकच्या पट्ट्या दीर्घकाळ टिकतात, कारण त्यांचे बरेचसे काम मोटर करते. बॅटरीविषयी मात्र सर्वांच्या मनात धास्ती असते. टोयोटाने भारतात आपल्या हायब्रिड बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोवर हमी दिली आहे. वाहन जुने विकत घेणाराने ही मुदत किती उरली, हे आधी तपासावे. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी मागच्या आसनापाशी असते. तिच्यावर पोती किंवा पिशव्या रचू नयेत. बॅटरी तापत राहिली, तर तिचे आयुष्य घटते. नारिंगी रंगाच्या जाड तारांत उच्च दाबाची वीज असते. त्यांना प्रशिक्षित कारागिराशिवाय कोणीही हात लावू नये.

निर्णयाची रीत

आता वाचकाने स्वतःची वाट मोजावी. एक वही घ्यावी आणि सध्याच्या वाहनावर पंधरा दिवस रोज चार गोष्टी लिहाव्यात : एकूण किलोमीटर, त्यांपैकी शहरातील किती, वाहन पूर्ण थांबले असे प्रसंग किती, आणि हौद्यात अंदाजे किती किलो माल होता. थांबे मोजणे कंटाळवाणे वाटेल, पण सोबत बसणारा मुलगा किंवा मदतनीस हे काम सहज करू शकेल. पंधरवडा संपला की थांब्यांना ८० ने भागावे. आपल्या वाहनाचे वजन आणि वेग वरील उदाहरणाच्या जवळपास असतील, तर त्या काळात किती लिटर पेट्रोल ब्रेकमध्ये गेले, याचा स्थूल अंदाज येईल. हायब्रिडमुळे त्यातील साधारण निम्मे वाचेल असे धरावे. वाहन उभे असताना इंजिन बंद राहिल्याने होणारी बचत याहून वेगळी. मग दोन वाहनांच्या किमतींतील फरक मांडून तो किती वर्षांत भरून निघेल ते पाहावे. वाहन आपण जितकी वर्षे ठेवणार, त्याहून हा काळ कमी असेल, तर हायब्रिड घ्यावे. अधिक असेल आणि वाटेत घाट व भार दोन्ही नित्याचे असतील, तर टर्बो घ्यावे. घाट नाही, भार नाही आणि थांबेही थोडे, अशी वाट असेल, तर यांपैकी कशावरच जादा पैसे खर्चण्याचे कारण नाही. साधे इंजिन पुरेसे आहे.

किमतींचा फरक मांडताना त्या दिवसाचा कर पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांवरील वस्तू व सेवा कराचे दर बदलले आणि मालवाहू वाहनांवरील दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. अशा बदलांनी आधी मांडलेला हिशेब जुना होतो. तसेच ज्याची सारी फेरी शहरातच आणि रोज ठरावीक अंतराची असते, त्याने विजेवर चालणारे लहान मालवाहू वाहनही याच वहीच्या आधारे तपासून पाहावे. टाटा कंपनीने ‘एस’ या गाडीचे विजेवरील रूप २०२२ मध्ये आणले, ते अशाच वाटेसाठी.

विक्रेता आपल्याला इंजिनाचे गुण सांगेल आणि त्यांतील बहुतेक खरेही असतील. पण आपण दिवसाला किती वेळा थांबतो, हे त्याला ठाऊक नसते. ते ज्याचे त्यालाच मोजावे लागते, आणि ते मोजल्याशिवाय गाडीची नोंदणी करू नये.